क्रॉमफर्डची गिरणी आणि गाव : चालती प्रतिकृती करायची आहे, पाण्यापासून सुतापर्यंत माहिती हवी

रहाट

इंग्लंडच्या डर्बीशरमधलं क्रॉमफर्ड गाव आणि रिचर्ड आर्कराइटने तिथे १७७१ मध्ये उभारलेली सूतगिरणी यांची प्रतिकृती शाळेच्या प्रदर्शनासाठी करायची आहे. दोन भाग आहेत. एक म्हणजे गावाचा देखावा : गिरणी, पाट, कामगारांची घरं. दुसरा, चालतं यंत्र : पन्हळीतून पाणी पडेल, चाक फिरेल आणि त्यावर चार चात्यांची (पीळ देत फिरणाऱ्या सळ्यांची) वॉटर फ्रेम, म्हणजे पाण्याच्या जोरावर चालणारं कताईचं यंत्र, चालेल. तिच्यावर खरं सूत निघायला हवं. नुसती फिरणारी चाकं दाखवायची नाहीत.

अडलेल्या गोष्टी :

नकाशात डर्वेंट नदी गिरणीच्या अगदी जवळ दिसते, पण वर्णनांत गिरणी ओढ्यावर चालायची असं आहे. देखाव्यात पाणी कुठून आणायचं? एवढी नदी शेजारी असताना ओढा का?

चाक कसलं करावं, किती मोठं? कूलरचा १८ वॉटचा पंप हाताशी आहे. तो पुरेल का?

यंत्रात कापूस ओढणाऱ्या रुळांमधलं अंतर किती ठेवायचं? विदर्भातला संकरित कापूस आणि देशी वाण, दोन्ही मिळू शकतात. पेळू (पिंजलेल्या कापसाच्या वळलेल्या वाती) खादी भांडारातून आणायचे आहेत.

घरं कशी होती, किती मजली? आणि आपल्याकडच्या कापसाशी या गावाचा खरा संबंध काय, हे फलकावर लिहायचं आहे. चुकीचं काही जायला नको.

---

डर्बीकर

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण त्या गावात काय कुठे आहे ते पाण्यानेच ठरवलं आहे.

पहिल्या गिरणीला डर्वेंटचं पाणी नव्हतंच. दोन वेगळे प्रवाह होते. एक बॉन्सल ब्रुक हा ओढा. दुसरा क्रॉमफर्ड सफ. ‘सफ’ म्हणजे शिशाच्या खाणीतलं पाणी बाहेर काढायला डोंगराच्या पोटातून खणलेला निचऱ्याचा बोगदा. हा सतराव्या शतकात खणायला घेतला होता, गिरणीच्या कितीतरी आधी. खाणवाल्यांना पाणी नको होतं, आर्कराइटला तेच हवं होतं.

नदी सोडून हे का, याची कारणं सरळ आहेत. मोठ्या नदीवर चाक बसवायचं तर आधी नदीभर बंधारा घालावा लागतो, म्हणजे भांडवल हवं आणि दोन्ही काठांचे हक्क हवेत. १७७१ मध्ये आर्कराइट आणि त्याचे भागीदार जेडेडाया स्ट्रट व सॅम्युएल नीड एक न सिद्ध झालेली कल्पना अजमावत होते. त्याआधी नॉटिंगहॅममध्ये यंत्र घोड्यांवर चालवून पाहिलं होतं. अशा वेळी लहान, आटोक्यातला, उतारावरचा प्रवाह बरा. दुसरं कारण पुराचं. नदी चढली की चाकाखालचं पाणी तुंबतं, चाकाचा खालचा भाग त्यात बुडतो आणि फिरायचं थांबतं. पाणी भरपूर असताना गिरणी बंद, अशी गत होते.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. सफचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं, म्हणून त्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं आणि ते हिवाळ्यात गोठत नाही. डर्बीशरच्या थंडीत उघड्या ओढ्यावरची चाकं बर्फाने अडकत, सफच्या पाण्यावरचं चाक मात्र चालत राही. शिवाय पावसावर ते लगेच वरखाली होत नाही. वर्षभर एकसारखं पाणी हे गिरणीसाठी जास्त पाण्यापेक्षा महत्त्वाचं, कारण कामगारांना पाणी येईल तेव्हा या, असं सांगून कारखाना चालत नाही.

तुमच्या देखाव्यात हे दाखवा : गावाच्या वरच्या अंगाला बॉन्सल ब्रुकवर तळी. मध्यभागी बाजारचौक आणि ग्रेहाउंड नावाची खाणावळ (१७७८), तिच्यामागे तळं. सफच्या वाटेवर ‘बेअर पिट’ नावाचा दगडी बांधणीचा खड्डा, १७८५ चा. तिथे दार घालून सफचं पाणी अडवायचं आणि बंदिस्त पाटाने तळ्याकडे वळवायचं, अशी सोय होती. गिरणीपाशी सफचं पाणी रस्त्यावरून पन्हळीने पलीकडे नेलं आहे. आधी ती लाकडी होती. आज दिसते ती ओतीव लोखंडाची, १८२१ ची. देखाव्यात १७७०-८० चं दशक दाखवणार असाल तर पन्हळ लाकडाचीच करा आणि नंतरचा बेअर पिट वगळा.

डर्वेंट दाखवा, पण गिरणीला जोडू नका. नदीवर आर्कराइटने १७८३ मध्ये वेगळी मॅसन गिरणी बांधली. तोवर पैसा आला होता, धंदा सिद्ध झाला होता, आणि शक्ती जास्त हवी होती.

आता यातला धोका. ज्या पाण्यावर गिरणी उभी, ते पाणी दुसऱ्याच्या खाणीचं सांडपाणी होतं. खाणवाल्यांनी १७७२ मध्ये मीअरब्रुक सफ नावाचा दुसरा, अधिक खालच्या पातळीचा बोगदा खणायला घेतला. तो जसजसा पुढे सरकला तसं पाणी खालच्या वाटेने जाऊ लागलं आणि वरचा सफ कोरडा पडत गेला. आर्कराइट घराणं न्यायालयात गेलं. १८३९ च्या निकालात ते हरले. तत्त्व असं : खाणीच्या सोयीसाठी काढलेला हा कृत्रिम प्रवाह, खाणवाल्याला गरज असेल तोवरच टिकणारा. तो कायम चालू ठेवा असा हक्क वापरणाऱ्याला मिळत नाही, मग त्याने कितीही वर्षं वापरलेला असो. १८४० च्या दशकात पाणी गेलंच, आणि तिथली कताई त्यानंतर फार टिकली नाही. विहिरीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या आपल्या गावांना हा निकाल सहज कळेल, फलकावर जरूर घ्या.

---

लोहारसाळ

चाकाचं मी सांगतो.

कूलरचा पंप विसरा. हिशेब असा : वॉट = ९.८१ × लिटर प्रति सेकंद × पडण्याची उंची मीटरमध्ये × कार्यक्षमता. १८ वॉटचा कूलर पंप चांगल्या स्थितीत सेकंदाला साधारण ०.३ लिटर देतो. ०.६ मीटर उंची धरली तर पाण्यात शक्ती १.८ वॉट, चाकातून हाती येते त्याच्या निम्मी, म्हणजे ०.९ वॉट. एवढ्यावर रिकामं चाक छान फिरेल, पण चार चात्या आणि वजनाखाली दाबलेले रूळ जोडले की जागच्या जागी थांबेल. हौशी प्रतिकृती नेमकी इथेच फसते.

तुम्हाला दांड्यावर ६-७ वॉट हवेत. त्यासाठी :

चाकाचा व्यास ८० सेंमी, रुंदी १५ सेंमी, २४ कप्पे, कप्प्याची खोली ६ सेंमी. पाणी सेकंदाला २ लिटर, म्हणजे मिनिटाला १२० लिटर. हा पंप जास्त उंचीचा नको, कमी उंचीला जास्त पाणी देणारा हवा. दुकानदार अश्वशक्ती सांगेल, तुम्ही मीटरभर उंचीला किती लिटर ते विचारा. खाली निदान १०० लिटरची टाकी. पन्हळ, पाट आणि चाकातच बरंच पाणी अडकून राहतं, टाकी लहान असेल तर पंप हवा ओढतो.

पाणी चाकाच्या वरून किंवा वरच्या तिसऱ्या भागात सोडा. खालून धक्का देणारं चाक करू नका. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ मध्ये प्रयोगांतून दाखवून दिलं की वरून भरणारं चाक तेवढ्याच पाण्यातून खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम देतं. कारण वजन काम करतं, नुसता वेग नाही. पाण्याचा वेग आदळण्यात आणि फेसात जातो.

चाकाच्या परिघाचा वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे मिनिटाला १९ फेरे. याहून जोरात फिरवलं तर कप्पे भरायच्या आधीच पुढे जातात आणि वर आलेलं पाणी बाहेर उडतं. कप्पे एक तृतीयांशाहून जास्त भरू देऊ नका. गच्च भरले तर पाणी अर्ध्या वाटेतच सांडतं आणि उरलेल्या उंचीचं काम वाया जातं. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी, आतल्या अंगाला, ५ मिमीचं भोक पाडा. नाहीतर आत हवा कोंडते आणि पाणी शिरतच नाही.

चाकाचा तळ खालच्या पाण्यापासून ३-४ सेंमी वर. डर्बीकरांनी पुराचं सांगितलं तीच गोष्ट टेबलावरही होते. टाकीतलं पाणी चढून चाक एक सेंमी जरी बुडालं तरी फेरे कमी झालेले स्पष्ट दिसतात. (मुलांना मुद्दाम बुडवून दाखवा, पूर का नको ते न सांगता कळेल.)

पन्हळीला पंप थेट जोडू नका. आधी लहान हौद, त्याला एका बाजूला सांडवा, आणि चाकाकडे दार. पंप कमीजास्त झाला तरी जास्तीचं पाणी सांडव्यावरून परत जातं आणि चाकाकडे सारखंच येतं. क्रॉमफर्डच्या तळ्यांचं काम हेच होतं.

गती वाढवणं : चाक १९, मधला दांडा ९५ (१ : ५), चात्यांचा ढोल ४०० (१ : ४.२). एकाच टप्प्यात १ : २१ करायला जाऊ नका, लहान पुलीवर पट्टा घसरतो.

---

चाती

आता यंत्राचा गाभा. लोहारसाळ यांचे ४०० फेरे धरूनच आकडे देतो.

वॉटर फ्रेम म्हणजे तीन कामं एकामागून एक : रुळांनी पेळू ओढून बारीक करणं, फ्लायरने (चातीवर बसवलेल्या, बाहू असलेल्या फिरत्या भागाने) पीळ देणं, बॉबिनवर म्हणजे रिळावर गुंडाळणं. चरख्यावर ओढायचं काम हाताची बोटं करतात आणि तिथेच कौशल्य लागतं. रुळांच्या जोड्यांनी बोटांची जागा घेतली. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा जोरात फिरते, म्हणून पेळू लांबतो. १७६९ च्या पेटंटमध्ये चार जोड्या आहेत. तुम्ही तीन करा, पुरतात.

१० नंबरचं सूत काढा. त्याहून बारीक नको. १० नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या १० लड्या. आपल्या मापात मीटरला सुमारे ०.०५९ ग्रॅम. ताण्याच्या (कापडातल्या उभ्या धाग्यांच्या) सुताला पीळ इंचाला ४ गुणिले नंबराचं वर्गमूळ, म्हणजे साधारण १२.६, सेंटिमीटरला ५. चाती ४०० फेरे घेते तर पुढच्या रुळाने मिनिटाला ८० सेंमी सूत सोडायचं. २५ मिमी व्यासाच्या रुळाला त्यासाठी मिनिटाला जेमतेम १० फेरे लागतात. रूळ इतका हळू फिरतो हे पाहून सगळे चुकून वेग वाढवतात आणि मग पीळ कमी पडून सूत सुटं होतं. वाढवू नका.

एकूण खेच ६ पट. मागच्या ते मधल्या जोडीत १.२, मधल्या ते पुढच्या जोडीत ५. म्हणजे मागचा रूळ मिनिटाला पावणेदोन फेरे. आत घालायचा पेळू मीटरला ०.३५ ग्रॅमचा हवा. वजन करून घ्या, अंदाज नको. चार चात्यांवर मिळून तासाला ११-१२ ग्रॅम सूत निघेल. थोडं वाटेल, पण प्रदर्शनाला पुष्कळ झालं.

सर्वांत महत्त्वाचं : रूळ आणि चात्या यांच्यात घसरणारा पट्टा नको, दात हवेत. दातांचा पट्टा किंवा दंतचक्रं. चाक हळू झालं की रूळही हळू, चातीही हळू, त्यामुळे इंचाला पीळ तोच राहतो. मध्ये साधा पट्टा घातलात तर चाती घसरते, रूळ घसरत नाहीत, आणि पाणी कमीजास्त होईल तसा पीळ बदलतो. पाण्यावर चालणाऱ्या यंत्राला हे सांभाळावंच लागतं. पट्टा चाकापासून मधल्या दांड्यापर्यंत चालेल, तिथे घसरला तर दोघंही मिळून हळू होतात.

रुळांमधलं अंतर हे कापसाच्या तंतूच्या लांबीवर ठरतं. संकरित कापसाचा तंतू २८-३० मिमी. पुढच्या दोन जोड्यांच्या दाबबिंदूंमध्ये ३३-३४ मिमी ठेवा, मागच्या दोनमध्ये ३८-४०. अंतर तंतूपेक्षा कमी झालं तर एकच तंतू दोन्ही जोड्यांच्या पकडीत सापडतो आणि तुटतो, किंवा रूळ घसरतो. फार जास्त झालं तर मधले तंतू कुणाच्याच पकडीत नसतात, झुंडीने पुढे जातात आणि सूत एका जागी जाड, एका जागी केसासारखं येतं. सुतात साधारण सारख्या अंतराने गाठीसारखे फुगीर भाग दिसले तर दुखणं अंतराचं. कुठेही, कसेही दिसले तर पेळूच वाईट पिंजलेला आहे.

देशी वाणाची अडचण इथेच आहे. तंतू १८-२० मिमी, म्हणजे अंतर २२-२३ हवं. पण २५ मिमीचे दोन रूळ शेजारी ठेवले की ते एकमेकांना टेकतात तेव्हाच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर २५ होतं. त्याहून जवळ येऊच शकत नाहीत. देशीसाठी रूळच १८ मिमीचे करावे लागतील (मग पुढचा रूळ मिनिटाला १४ फेरे), सूत ६ नंबरचं काढावं लागेल आणि पीळ वाढवावा लागेल. दोन्ही कापूस एका रचनेवर चालणार नाहीत. एकच निवडा.

खालचा रूळ खोबणीचा, पितळी किंवा पोलादी. वरचा लाकडी, त्यावर फेल्टचा एक थर आणि त्यावर पातळ मेंढीचं कातडं. जोड शिवू नका, तिरका कापून चिकटवा. सरळ जोडाचा उंचवटा प्रत्येक फेऱ्याला सुतात उमटतो. वजन वरच्या रुळावर आकड्याने टांगायचं. पुढच्या जोडीला चातीमागे अर्ध्या किलोपासून सुरुवात करा, पेळू न खेचला जाता तसाच सरकू लागला तर वाढवत जा. रात्री वजनं काढून ठेवा, नाहीतर कातड्यात खळगा पडतो आणि दुसऱ्या दिवशी सूत ठराविक अंतराने बारीक येतं.

फ्लायर आणि बॉबिन : फ्लायर चातीबरोबर फिरतो, बॉबिन चातीवर सैल असते आणि सुतानेच ओढली जाते. बॉबिनखाली लोकरी कापडाची चकती घाला, तिच्या घर्षणाने बॉबिन थोडी मागे राहते आणि तेवढं सूत गुंडाळलं जातं. सूत बॉबिन रिकामी असतानाच जास्त तुटतं, कारण घर्षण तेवढंच पण त्रिज्या लहान, म्हणून ताण जास्त. बॉबिनची नळी बारीक घेऊ नका, २० मिमी तरी हवी. ताण फारच कमी झाला तर रुळापाशी सूत स्वतःभोवती वळून आकडी पडते. त्या वेळी चकती बदला, पीळ कमी करू नका.

फ्लायरच्या बाहूंवर आकड्यांची ओळ ठेवा. एका जागी सूत भरलं की हाताने पुढच्या आकड्यात घाला. आपोआप वरखाली होणारी पट्टी करता येते, पण चार चात्यांना हातच बरा, आणि मुलांना काम मिळेल.

एक सूचना. खादी भांडारातले हाताने वळलेले पेळू वीतभर लांबीचे असतात, ते चरख्यासाठी. रुळांना अखंड पेळू हवा, नाहीतर दर थोड्या वेळाने सूत संपणार. अंबर चरख्यासाठी जी अखंड पूनी मिळते ती मागा. अंबर चरखाही रुळांनीच खेचतो, त्यामुळे ती तुमच्या कामाची आहे. मीटरला ०.३५ ग्रॅमपेक्षा जाड मिळाली तर खेच त्या प्रमाणात वाढवा, पण ८ पटींच्या वर नेऊ नका.

आणि हवेतली आर्द्रता. कोरड्या हवेत तंतूंवर वीज साचते, ते फुलतात आणि रुळांना गुंडाळले जातात. ५५ ते ६५ टक्के आर्द्रता चांगली. तुमचं चाक शेजारीच पाणी उडवतंय, त्याचा उपयोग होईल, पण पेळूवर थेंब पडता कामा नयेत. ओला पेळू रुळाला चिकटला की कापूनच काढावा लागतो. मध्ये काच घाला.

---

रहाट

मनापासून आभार. संकरित कापूस, २५ मिमीचे रूळ, दातांचा पट्टा, हे ठरवून टाकलं. पंपही बदलतो.

एक शंका. १ : २१ गती, चार चात्या, सात वॉट. मूळ गिरणीत एका चाकावर किती चात्या चालत? फलकावर तुलना करायची आहे.

आणि घरं व कापसाचा प्रश्न बाकी आहे.

---

लोहारसाळ

आर्कराइटच्या धर्तीवर पुढे ज्या गिरण्या उठल्या त्यांचा ठोकताळा होता १००० चात्या आणि १० अश्वशक्ती. म्हणजे अश्वशक्तीला १०० चात्या, चातीला सुमारे साडेसात वॉट. यात पिंजण्याची आणि पेळू करण्याची यंत्रंही आली, शिवाय सगळे दांडे, पट्टे यांचं घर्षण. तुमचे चातीला पावणेदोन वॉट पडतात ते यासाठी की तुम्ही नुसतीच कताई करताय आणि चात्या हळू आहेत. तुलना देताना हा फरक लिहा, नाहीतर आपली प्रतिकृती मूळ गिरणीपेक्षा चौपट कार्यक्षम असं वाचलं जाईल.

---

बोरीबंदर

कापसाचा संबंध. ‘क्रॉमफर्डमध्ये आपला कापूस जायचा’ असं लिहू नका. त्या काळात इंग्लंडला कापूस मुख्यतः वेस्ट इंडीजमधून आणि तुर्की बंदरांतून येई. वेस्ट इंडीजमधला कापूस गुलामांच्या श्रमांवर पिकत होता, हे मात्र लिहायलाच हवं.

खरा संबंध कापसाचा नाही, कापडाचा आहे. भारतातून जाणाऱ्या छापील सुती कापडाने तिथले लोकरवाले आणि रेशीमवाले हैराण झाले होते, म्हणून १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली. तेव्हा इंग्लंडमध्ये ताणा तागासारख्या जवसाच्या सुताचा आणि बाणा कापसाचा, असं मिश्र कापड विणलं जाई. कारण तिथल्या हाताने कातलेल्या कापसाच्या सुताला मागावरचा ताण सोसत नसे. आपल्याकडे ताणा-बाणा दोन्ही कापसाचे, शतकानुशतकं. वॉटर फ्रेमचं सूत कडक पिळाचं, ताण्याला चालणारं. ते हाती आल्यावर शुद्ध सुती कापड तिथेही विणता येऊ लागलं, आणि आर्कराइट व त्याच्या भागीदारांनी संसदेकडे दाद मागून १७७४ मध्ये इंग्लंडमध्येच कातलेल्या-विणलेल्या सुती कापडाला मोकळीक मिळवली. ओळख पटावी म्हणून त्या कापडाच्या काठात तीन निळे धागे विणायचे असा नियम होता. फलकाशेजारी हातमागावर विणलेली एक पट्टी, काठात तीन निळे धागे घालून, ठेवलीत तर लोक थांबून बघतील.

कापसाचा संबंध पुढे येतो, १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत. अमेरिकेचा कापूस थांबला आणि इंग्लंडमधल्या लँकशरच्या गिरण्यांना भारतीय कापूस घ्यावा लागला. तिथे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत, मग तो खानदेशातला असो की वऱ्हाडातला. कामगार त्याला कंटाळले होते, कारण तंतू आखूड, कचरा जास्त, सूत सारखं तुटायचं आणि मजुरी कातलेल्या मालावर. चाती यांनी अंतराचं जे सांगितलं तेच कारण : लांब तंतूसाठी बसवलेल्या रुळांवर आखूड तंतू.

आपल्याकडे नदीकाठी अशी गिरणीगावं का झाली नाहीत, हा प्रश्न प्रदर्शनात कुणीतरी विचारेलच. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतली गिरणी १८५४ ची, ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली ती वाफेवर. आपल्या नद्या चार महिने दुथडी आणि मार्चनंतर डबक्यांची रांग. क्रॉमफर्डच्या सफसारखं बारमाही सारखं पाणी दख्खनच्या पठारावर दुर्मीळ. बंदरात मात्र कोळसा जहाजाने येत होता. अपवाद हवा असेल तर घटप्रभेवरचं गोकाक. तिथे सुमारे ५२ मीटरच्या धबधब्याचा उपयोग करून १८८० च्या दशकात गिरणी उभी राहिली आणि तिच्याभोवती कामगारांची वसाहतही. ते तेव्हा मुंबई इलाख्यात होतं.

---

डर्बीकर

बोरीबंदर यांच्या प्रतिसादातलं एक शब्दाचं : ‘तागासारख्या जवसाचं’ हे वाचणाऱ्याला गोंधळात टाकेल. ते लिनन, जवसाच्या खोडापासून काढलेलं. फलकावर लिनन असंच लिहा.

आता घरं. नॉर्थ स्ट्रीट, १७७६-७७. समोरासमोर दोन ओळी, तीन मजली, करड्या-पिवळसर वालुकाश्माची. वरच्या मजल्यावर खिडक्यांची लांबट ओळ, ती उजेडासाठी : तिथे माग किंवा मोजे विणायची यंत्रं चालत. गिरणीत बायका आणि मुलं, घरी वरच्या मजल्यावर पुरुष विणकर, अशी मांडणी होती. म्हणूनच आर्कराइट मोठ्या कुटुंबांच्या विणकरांना जाहिरात देऊन बोलावत असे. त्याला बापाच्या विणकामापेक्षा घरातल्या लहान हातांची गरज होती. हे गावाच्या रचनेतच दिसतं आणि देखाव्यात लपवू नये.

पहिली गिरणी मुळात पाच मजली. आज तीनच दिसतात, वरचे दोन १९२९ च्या आगीनंतर गेले. आजचे फोटो पाहून प्रतिकृती करणारे इथे चुकतात. इमारत लांब आणि अरुंद, रुंदी नऊ मीटरच्या आसपास, कारण दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा उजेड मध्यापर्यंत पोचायला हवा आणि लाकडी तुळया याहून लांब टाकणं अवघड. बाहेरच्या बाजूला खालच्या मजल्यांना खिडक्या नाहीत, आवार किल्ल्यासारखं बंद. १७७९ मध्ये लँकशरमधली त्याची बर्कएकरची गिरणी जमावाने जाळली होती, तेव्हा ही भीती कल्पनेतली नव्हती. फाटक सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला बंद होई, दोन पाळ्या. उशिरा आलेल्याची दिवसाची मजुरी बुडे आणि वर आणखी एका दिवसाचा दंड.

कालवा दाखवणार असाल तर जपून. क्रॉमफर्ड कालवा १७९४ चा आहे, १७७० च्या देखाव्यात तो येत नाही. दोन काळ शेजारी दाखवायचे असतील तर मात्र लीवुडचं पंपघर (१८४९) अवश्य घ्या. सफचं पाणी कालव्यालाही मिळत होतं. ते गेल्यावर डर्वेंटमधून सुमारे नऊ मीटर वर पाणी उचलून कालव्यात टाकायला वाफेचं इंजिन बसवलं. पण खालच्या गिरण्यांना नदीचं पाणी लागे, म्हणून ते फक्त शनिवारी रात्री आठ ते रविवारी रात्री आठ एवढंच चालवायची परवानगी होती. गिरण्या बंद, तेव्हाच पंप. पाळीपाळीने पाट सोडणाऱ्या शेतकऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही.

रंग : क्रॉमफर्डच्या गिरणीला आणि घरांना विटांचा लाल रंग देऊ नका. दगडाचा करडा द्या. लाल विटांची आहे ती मॅसन, नदीवरची.